कवठटोल्याचा मोठा पडदा

अहेरीच्या एका कार्यालयात मी एकदा कामाच्या अहवालात लिहिलं होतं, 'लिनक्स पाहुण्यासाठी आवश्यक ती साधने बसवली.' काही दिवसांनी अहवाल परत आला. समासात लाल शाईनं शेरा होता, 'पाहुणे कोण? कधी आले? कोणाच्या परवानगीने थांबले? खुलासा सादर करावा.'

मी खुलासा सादर केला. तो वाचून साहेबांनी मला समोर बोलावलं.

"म्हणजे माणूस कोणी आलं नव्हतं?"

"नाही साहेब."

"मग पाहुणा कशाला म्हणता?"

"या कामात तसंच म्हणतात."

"म्हणत असतील. आपल्या कार्यालयात पाहुणे येत नाहीत, अभ्यागत येतात."

तेव्हापासून त्या कार्यालयापुरता मी 'लिनक्स अभ्यागत' असा शब्द वापरत आलो. पुन्हा कधी शेरा आला नाही. काम काय केलं हे कोणी विचारलंही नाही.

बल्लारपूरच्या माणसानं एक तर कागदाच्या कारखान्यात असावं, नाहीतर कोळशाच्या खाणीत, नाहीतर रेल्वेत. मी तिन्हीकडून सुटलो आणि कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत अडकलो. दुकान बल्लारपुरात, पण गिऱ्हाईक सगळं जंगलात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या शाळा, कार्यालयं, पतसंस्था, आश्रमशाळा. यंत्र दुकानात आणणं कोणाला परवडत नसे, म्हणून दुकानच यंत्राकडे जाई. आता मुलीनं दुकान हातात घेतलं आहे आणि मी गल्ल्यावर बसून तिला सल्ले देतो. ती ते ऐकत नाही. धंदा बरा चालला आहे.

या पाहुण्याच्या भानगडीबद्दल बाहेरच्या माणसाला थोडं सांगावं लागेल. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवता येतो. खरा नव्हे, भासाचा. वरचा म्हणजे यजमान, तो बहुधा विंडोजवर चालणारा. आतला पाहुणा, आमच्याकडे बहुधा लिनक्स. यजमान त्याला आपल्या पडद्यावर एक चौकट काढून देतो आणि म्हणतो, राहा इथं. पण पाहुण्याला यजमानाची भाषा येत नसते. त्याला पडदा किती मोठा आहे हे कळत नाही, म्हणून तो कोपऱ्यात अंग चोरून बसतो. माऊसचा बाण चौकटीत शिरला की बाहेर निघत नाही. यजमानाकडची फाईल त्याला दिसत नाही, त्याची यजमानाला दिसत नाही. ही बोलाचाल सुरू व्हावी म्हणून पाहुण्यात काही जोडसाधनं बसवावी लागतात. ती बसवली की पडदा भरून चित्र दिसतं, माऊस मोकळा फिरतो, इकडचं तिकडं नेता येतं. काम एवढंच.

ते बसवलेलं नसलं की काय होतं, याचं माझ्याजवळचं उत्तम उदाहरण गावंडेबाबूंचं. एका विद्यालयातले हे बाबू फार शांत गृहस्थ. त्यांचा बाण चौकटीच्या काठावर येऊन थांबे. बाबूंनी विचार केला की माऊस सरकवायला टेबल कमी पडतं आहे. त्यांनी रीतसर मागणी करून मोठं टेबल मिळवलं. तरी बाण थांबलाच. मी पोचलो तेव्हा दोन टेबलं जोडलेली होती आणि बाबू माऊस घेऊन उभ्यानं, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत होते. मी उजव्या बाजूची एक कळ दाबली, बाण सुटला. बाबूंना आनंद व्हायला हवा होता. ते म्हणाले, "हे अगोदर काऊन नाई सांगतलं? आता टेबल परत करा लागन."

पण मला सांगायचं आहे ते कवठटोल्याबद्दल. नाव खरं नाही, शेजारच्या हेटीचंही नाही. दोन्ही गावं कुरखेड्यापासून आत, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं तिथली. आणि तिथली माणसं वाचणारी आहेत, म्हणून नावं बदलली.

सगुणाबाई हलामींचा फोन आला तेव्हा मी दुकानात होतो. कवठटोल्याच्या ग्रामसभेच्या त्या सचिव. मी त्यांना पूर्वी एकदाच भेटलो होतो, ग्रामसभेला देणगीत मिळालेला कॉम्प्युटर जोडून द्यायला गेलो होतो तेव्हा.

"वासेकरभाऊ, आमचा नकाशा आत फसला."

"कशाच्या आत?"

"कंपूटरच्या आतल्या कंपूटरात. तीन दिसानं सुनावनी हाये. नकाशा छापून पायजे आन् सीडीवर पायजे. नाई नेला तं पुन्हा तारीख कवा लावतीन, देव जाने."

नकाशा गावाच्या जंगलाचा होता. गावानं पिढ्यान् पिढ्या जे जंगल वापरलं, त्यावर गावाचा सामूहिक हक्क लागावा म्हणून ग्रामसभेनं दावा केला होता आणि दाव्याला हद्दीचा नकाशा लागतो. तो तन्मय नावाच्या नागपूरच्या एका कार्यकर्त्यानं केला होता. पोरगा हुशार. गावकऱ्यांबरोबर हद्दीनं चालत गेला, जीपीएस यंत्रावर जागा टिपल्या, आपल्या लॅपटॉपवर नकाशा काढला. त्याला लिनक्सची सवय. ग्रामसभेच्या कॉम्प्युटरवर विंडोज, आणि देणगीदाराची अट अशी की यंत्रात काही बदल करायचा नाही. म्हणून तन्मयनं विंडोजच्या आत लिनक्स पाहुणा बसवला, त्यात नकाशा ठेवला आणि शिक्षणासाठी दूर निघून गेला. पाहुणा बसवला, पण साधनं बसवली नाहीत. पाहुण्याला घरात घेतलं आणि पाण्याचा तांब्या द्यायचं विसरला म्हणा ना.

मी सकाळच्या गाडीनं वडशाला उतरलो, तिथून एसटीनं कुरखेडा, आणि पुढं सगुणाबाईंच्या नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून कवठटोला. ग्रामसभेची खोली म्हणजे एक पक्कं बांधकाम, समोर मांडव. मांडवात मनकू पाटील बसले होते. पाटील म्हणजे गावाचे म्होरके. वय झालेलं, बोलणं थोडं, आणि तेही आधी गोंडीत पुटपुटून मग माझ्यासाठी मराठीत.

"जोहार."

"जोहार, पाटील. नकाशा पाहिला का तुम्ही?"

"पाह्यला." त्यांनी तळहात पुढं केला. "एवढासा. मुंगी चालल्यावानी रेघ दिसते. आमी म्हनलं, असन बाप्पा आपलंच जंगल."

मी आत जाऊन पाहिलं. खरंच तळहाताएवढा. मोठ्या काळ्या पडद्याच्या मधोमध लिनक्सची चिंचोळी चौकट, त्यात नकाशाच्या प्रोग्रामची बटणं आणि याद्या दाटीवाटीनं, आणि उरलेल्या फटीत कवठटोल्याचं अख्खं जंगल. अक्षरं वाचता येत नव्हती. पेनड्राइव्ह लावला तर तो यजमानाला दिसे, पाहुण्याला नाही.

साधनं बसवायला मी निघालो तेव्हा पाहुण्यानं पासवर्ड मागितला. सगुणाबाईंना ठाऊक नव्हता. तन्मयला फोन लावायचा तर गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. सगुणाबाई टाकीकडे गेल्या, परत आल्या.

"इरुक म्हनते."

इरुक म्हणजे गोंडीत मोह. मोहाचं झाड, मोहाचं फूल. पासवर्ड म्हणून फार सुंदर. पण इंग्रजी अक्षरांत तो कसा लिहायचा? मी लिहिला. लिनक्समध्ये पासवर्ड लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. मागं जमलेल्या मंडळींना वाटलं मी नुसतीच बोटं आपटतो आहे. चुकला. दुसऱ्या तऱ्हेनं लिहिला. चुकला. सगुणाबाई पुन्हा टाकीकडे. परत येऊन म्हणाल्या, "तीन डाव लिवा म्हनते. इरुक, इरुक, इरुक. एक डाव लिवला तं कमी पडते म्हने."

तो लागला. मी साधनांची तबकडी चालवली, म्हणजे भासाचीच तबकडी, खरी नव्हे. तिनं थोडी खुडबुड केली आणि नम्रपणे सांगितलं की जमलं नाही.

कारण सांगतो. ही साधनं तयार कपड्यासारखी मिळत नाहीत. लिनक्सच्या गाभ्याचं माप घेऊन तिथल्या तिथं शिवावी लागतात. त्यासाठी त्या गाभ्याचं मापपत्रक आणि शिवणाची हत्यारं पाहुण्यात असावी लागतात. नसली तर इंटरनेटवरून आणायची. दुकानात हे काम चहा निवायच्या आत होतं. इथं इंटरनेट टाकीजवळ होतं आणि कॉम्प्युटर मांडवाजवळ.

"फोनचं नेट कॉम्प्युटरला देता येईल," मी म्हटलं. "पण फोनला इथं रेंज पाहिजे."

सगुणाबाईंचे यजमान, रैनू त्यांचं नाव, बाहेर गेले आणि एक लांबलचक बांबू घेऊन आले. आमच्या भागात बांबूला तोटा नाही. त्यांनी आपला फोन बांबूच्या शेंड्याला दोरीनं बांधला आणि बांबू खिडकीजवळ उभा धरला. दोन काड्या रेंज आली. डाउनलोड सुरू झालं.

थोड्या वेळानं थांबलं. रैनूच्या फोनचा त्या दिवसाचा डेटा संपला होता. बांबू खाली आला, दुसऱ्याचा फोन बांधला, बांबू वर गेला. मग तोही संपला. मग तिसरा. गावातले फोन एकेक करून शेंड्यावर चढले आणि रिकामे होऊन उतरले. पाटलांनी विचारलं, "अजून किती खाते हा?" मी म्हटलं, "झालंच." माझ्या धंद्यात हा शब्द मी जितक्या वेळा उच्चारला असेल, तितक्या वेळा दुसरा कुठलाच नाही.

दुपार कलताना हत्यारं आली. मी पुन्हा तबकडी चालवली. पडद्यावर ओळी सरकल्या, शिवण झालं, कुठलीही तक्रार न करता. मी पाहुण्याला बंद करून पुन्हा सुरू केलं.

या क्षणाबद्दल मला नेहमी थोडा गर्व वाटत आला आहे. आतलं यंत्र जागं होतं, आधी जुन्या सवयीनं अंग चोरून बसतं, आणि मग एकदम हात-पाय पसरून पडदाभर होतं. गिऱ्हाईक हटकून "अरे वा" म्हणतं. मी नकाशा उघडला आणि बाजूला झालो, "अरे वा" ऐकायला.

ते काही आलं नाही.

मंडळी पुढं सरकली. आता सगळं दिसत होतं. नाले निळे, पायवाटा तुटक, डोंगरी, तळं, पेनठाणा म्हणजे देवाची जागा, तन्मयनं विचारून विचारून लिहिलेली एकेका जागेची नावं, आणि सगळ्याभोवती जाड लाल रेघ. एकानं बोट ठेवून आपली बांधी दाखवली. दुसऱ्यानं नाला ओळखला. मग बोटं उत्तरेकडे सरकत गेली आणि एका जागी सगळीच थांबली. हळूहळू गोंडीत कुजबुज सुरू झाली. मला गोंडी येत नाही. इतकी वर्षं त्या मुलखात भाकरी खाल्ली आणि भाषा शिकलो नाही, याची लाज त्या खोलीत वाटली तेवढी कधी वाटली नव्हती.

"काय झालं?" मी विचारलं.

सगुणाबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. उत्तरेला लाल रेघ नाल्यावर थांबायला हवी होती. ती नाला ओलांडून पलीकडे गेली होती, एक फुगा काढून परत आली होती.

"हे मोह हेटीचे हायेत," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"मी हेटीची लेक हाये, भाऊ. तिथी माह्या आईसंगं मोह येचला. नक्की काय इचारता?"

सगळ्यांनी रैनूकडे पाहिलं. तन्मयबरोबर त्या बाजूला तोच चालला होता. रैनू डोकं खाजवत म्हणाला, "अस्वल होतं ना तिथी."

मग सगळं बाहेर आलं. मोहाचे दिवस होते. नाल्याच्या काठानं हद्द मोजत जाताना पुढं अस्वल दिसलं, मोह खात बसलेलं. मोह खाणाऱ्या अस्वलाला कोणी ऊठ म्हणत नाही. ही मंडळी नाला ओलांडून, टेकडीवरून लांब वळसा घेऊन पुढं गेली. तन्मयच्या हातातलं यंत्र चालूच. त्याला अस्वल कळत नाही, पाय कळतात. रैनूनं वाटेत त्याला सांगितलंही होतं की हे नंतर दुरुस्त कर. तो हो म्हणाला. मग परीक्षा, मग प्रवेश, मग तो गेला. आणि तळहाताएवढ्या पडद्यावर तो फुगा कोणाला दिसलाच नाही.

एकजण म्हणाला, "आपल्याच बाजूनं हाये ना? तं राहू द्या. परवा तारीख हाये."

"हेटीवाल्यायनं अजून दावाच नाई टाकला," दुसरा म्हणाला. "आपन टाकून राह्यलो. ज्यायनं टाकला त्याचं."

"सायबाले तरी कोठं मालूम हाये?"

या बोलण्यात लबाडी होती असं मला वाटत नाही. थकवा होता. या दाव्यासाठी त्या माणसांनी किती चपला झिजवल्या हे मला दिसत होतं. कागद अपुरा म्हणून परत, सही नाही म्हणून परत, सही आहे पण शिक्का नाही म्हणून परत. आता एकदाची तारीख लागली होती.

सगुणाबाई उभ्या राहिल्या. "मी सचिव हाये. सही माही हाये खाली. हे असंच गेलं तं मी माहेरी कोन्त्या तोंडानं जाऊ?"

"तू आता इथली हायेस," कोणीतरी मागून म्हणालं.

"म्हनूनच बोलून राह्यलो." आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. "तिथली असतो तं भांडाले आलो असतो."

मला वाटलं आता माझी पिशवी उचलून निघावं. मी साधनं बसवायला आलो होतो, ती बसली होती. मोटारसायकलचा मालक मात्र अस्वलाचा आरोपी होऊन कोपऱ्यात उभा होता, तेव्हा निघायला वाहन नव्हतं.

पाटील इतका वेळ पडद्याकडेच पाहत होते. ते माझ्याकडे वळले. "भाऊ, तो लहान होता तोच बरा होता. झोप तं लागत होती."

मग ते उठले, रैनूला म्हणाले, "जा. दसरूले घेऊन ये. म्हन, मनकूनं बोलावलं. कायले ते नको सांगू, तो रागीट हाये."

दसरू नैताम हेटीचे वडीलधारे, आणि नात्यानं सगुणाबाईंचे काका. रैनूनं त्यांना काय सांगितलं कोण जाणे. ते आले तेव्हा त्यांचा चेहरा कोणीतरी वारल्यासारखा होता. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, पडद्यासमोर बसवलं. सगुणाबाईंनी गोंडीत सगळं सांगितलं. दसरूभाऊ बराच वेळ रेघ पाहत राहिले. मग मराठीत म्हणाले, मुद्दाम माझ्याकडे पाहून, "हे तुमी काढलं?"

"नाही. मी फक्त मोठं केलं."

"बरं केलं," ते म्हणाले. "मले चष्मा नाई."

ठरलं असं की सकाळी दोन्ही गावची माणसं मिळून ती नाल्याची बाजू पुन्हा चालायची. जागा टिपायचं यंत्र तन्मयबरोबर गेलं होतं, पण माझ्या फोनमध्ये ती सोय होती. म्हणजे मलाही चालणं आलं. मी म्हटलं, माझं काम खुर्चीवरचं आहे. पाटील म्हणाले, "आमचं पन खुर्चीवरचं असतं तं बरं झालं असतं."

रात्री सगुणाबाईंकडे भात आणि मोहरीच्या भाजीचं जेवण झालं आणि उजाडता उजाडता आम्ही निघालो. पुढं दसरूभाऊ, मागं पाटील, मध्ये मी फोन घेऊन. दोघे म्हातारे नाल्याच्या एकेका वळणावर थांबत, एक म्हणे इथं, दुसरा म्हणे थोडं पुढं, मग दोघं मिळून एखाद्या झाडावर हात ठेवत. मी त्या झाडाजवळ जाऊन जागा टिपत असे. एका ठिकाणी मात्र वाद पेटला. नाल्याला तिथं दोन फाटे होते. आधी कोणता खरा यावर आवाज चढले, मग लग्नातला कसलातरी जुना मानपान निघाला, तोही गोंडीतून मराठीत आला म्हणजे मलाही कळावा अशी इच्छा असावी. सगुणाबाई मध्ये पडल्या.

"काका, तुमी माह्या लग्नात रुसले होते ते झालं. आता नाला सांगा."

दसरूभाऊंनी पलीकडचा फाटा दाखवला. तो धरला तर हेटीला थोडं कमी मिळत होतं. पाटलांनी अलीकडचा दाखवला. तो धरला तर कवठटोल्याला कमी. दोघंही आता दुसऱ्याच्या बाजूनं भांडत होते आणि दोघांनाही ते कळत नव्हतं. शेवटी दोन फाट्यांच्या मधल्या बेटावरचं एक बेहड्याचं झाड धरलं. माझ्या पायात काटा मोडला होता. मी टिपून मोकळा झालो.

परत येऊन टाकीजवळून तन्मयला फोन केला. नकाशा कसा दुरुस्त करायचा ते मला येत नव्हतं. त्यानं समजावून सांगितलं, मी टिपून पाठवलेल्या जागांचे आकडे नकाशाला हव्या त्या रूपात करून मेसेजवर पाठवले, बांबू पुन्हा वर गेला, आणि मी ते यजमानाच्या पडद्यावरून उचलले आणि पाहुण्याच्या आत टाकले. एका बाजूनं उचलून दुसऱ्या बाजूला टाकता येणं ही त्या साधनांचीच करामत. आदल्या दिवशी ती नसती तर मी ते आकडे हातानं लिहीत बसलो असतो आणि लाल रेघ बहुधा छत्तीसगडात गेली असती. फुगा गेला. रेघ नाल्यावर आली. नकाशा छापून काढला. दोन्ही म्हाताऱ्यांनी आणखी एकदा पाहिलं आणि मग खाली दोघांनी आपापली सही केली, म्हणजे पाटलांनी सही आणि दसरूभाऊंनी अंगठा.

तारखेला आम्ही सगळे कुरखेड्याच्या कार्यालयात. तिथल्या बाबूंनी छापील नकाशा घेतला आणि म्हणाले, "सीडी?"

"पेनड्राइव्ह आणला आहे," मी म्हटलं.

"पेनड्राइव्ह चालत नाही. व्हायरस येतो. नियमात सीडी आहे."

मी त्यांच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं. त्याला सीडीची खाचच नव्हती. "साहेब, सीडी लावणार कशात?"

"लावायची नाही. जोडायची आहे."

कुरखेड्याच्या बाजारात लग्नाचं शूटिंग करणारा एक फोटोवाला अजून सीडी करून देत होता. त्याच्याकडून करून आणली. वरच्या कागदावर गुलाबाची फुलं आणि 'शुभविवाह' असं छापलेलं होतं, साधा कागद संपला होता. बाबूंनी ती दाव्याला टाचली. फुलांबद्दल त्यांनी काही हरकत घेतली नाही.

हरकत त्यांनी दुसरीच घेतली. "शेजारच्या गावाची हरकत?"

"हरकत नाई," दसरूभाऊ म्हणाले.

"तसं नाही. प्रत्येक दाव्यात शेजारच्या गावाची हरकत असते. मग आम्ही सुनावणी घेतो. हरकतच नसली तर सुनावणी कशाची घ्यायची?"

दोन्ही गावांचे वडीलधारे शेजारी शेजारी उभे आहेत, दोघांनी मिळून हद्द चालून ठरवली आहे, हे मी त्यांना सांगितलं. बाबूंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. एकत्र आलेली माणसं पाहून कार्यालयाला नेहमीच संशय येतो. आत जाऊन ते साहेबांना विचारून आले आणि म्हणाले, "लिहा, हरकत निरंक." सगुणाबाईंनी लिहिलं. सुनावणी तेवढीच झाली.

पुढं बराच काळ काही नाही. मग एकदा सगुणाबाईंचा फोन आला की कवठटोल्याचा दावा मंजूर झाला. मोठ्या पडद्याचे, बांबूचे आणि माझ्या पायातल्या काट्याचे त्यांनी आभार मानले. हेटीनं नंतर आपला दावा टाकला. त्यांच्याकडे नकाशा करणारा कोणी आला, त्याच्याकडे लिनक्सच्या नव्या आवृत्त्या होत्या. त्यांत ही साधनं आधीपासूनच शिवून येतात, मला कोणी बोलावलं नाही. माझी कला अशी बोलता बोलता गेली. आणि हेटीचा दावा अजून लटकलेला आहे. कधी हे अपुरं, कधी ते.

गेल्या मोहाच्या हंगामात दोन्ही गावांनी मला बोलावलं होतं. मी सकाळी पोचलो तेव्हा नाल्यापलीकडच्या त्या झाडांखाली बायका कधीच्या आल्या होत्या. कवठटोल्याच्याही होत्या, हेटीच्याही. जमीन पिवळसर फुलांनी भरलेली, वास इतका गोड की डोकं जड व्हावं. दसरूभाऊ एका मुळावर बसून कोणाला तरी रागावत होते. मी सगुणाबाईंजवळ गेलो आणि मनात बरेच दिवस होतं ते विचारलं.

"बाई, ही झाडं तुमच्या नकाशातून काढली. हेटीचा दावा लागलेला नाही. म्हणजे आज कागदावर ही कोणाची?"

"कोनाचीच नाई."

"मग त्या दिवशी राहू दिली असती तर निदान—"

"भाऊ," त्या म्हणाल्या आणि कमरेवरची टोपली माझ्या हातात दिली, "मोह कागदावर नाई पडत. खाली पडते. उचला."

मी उचलू लागलो. वाकून वाकून पाठ धरली, आणि टोपलीत फुलांपेक्षा पालाच जास्त आला. दसरूभाऊंनी तो लांबूनच पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काहीतरी म्हणाले. गोंडीत होतं. बायका खूप हसल्या. मी सगुणाबाईंना त्याचा अर्थ विचारला, पण त्यांनी तो शेवटपर्यंत सांगितला नाही.